पाळवणकर बाळू : एका गोलंदाजाची चाकरी



ज्या शाळेच्या पत्र्याखाली मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेत गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणारे व्याख्यान देण्यास मला बोलावण्यात आले, याचा आनंद होतो आणि संकोचही वाटतो. या व्यासपीठावरून यापूर्वी संतवाङ्मयावर, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर आणि शिक्षणपद्धतीवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. मी मात्र एका क्रिकेटपटूवर बोलणार आहे. कार्यवाहांनी पत्राने विषय विचारला, तेव्हा मी तो कळवला आणि उत्तर येईपर्यंत थोडा धास्तावलो होतो. उत्तर आले, "गुरुजींना आवडला असता." ते खरेच आहे, कारण हा विषय मुळात त्यांचाच. एकोणीसशे बासष्ट साली, एका सोमवारी सकाळी भूगोलाच्या तासाला नकाशा बाजूला सारून त्यांनी आम्हांला पाळवणकर बाळू यांची गोष्ट सांगितली होती. ती त्यांनी त्याच दिवशी का सांगितली, हे मी पुढे सांगेन. आधी गोष्ट.

परंतु त्याच्याही आधी मैदानाविषयी दोन शब्द बोलतो, कारण आजच्या मुलांना ते ठाऊक नसेल. बिदर शहर लाल जांभ्याच्या पठारावर आहे. आपल्या भालकी-औराद भागात मात्र काळी रान. काळ्या मातीत क्रिकेट खेळणे म्हणजे निसर्गाची परवानगी मागून खेळणे. पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते. म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा हंगाम. जमीन चोपून तीवर काथ्याची चटई अंथरायची, कडेने खुंट्या ठोकायच्या आणि तिलाच आम्ही 'पिच' म्हणायचो. अशा चटईवर जोरात टाकलेला चेंडू नुसता उसळतो. पण बोटांनी फिरवलेला चेंडू पडल्यावर असा काही वळतो की फलंदाजाला आपली बॅट लांब कोठेतरी राहिल्याचे मागाहून कळते. त्यामुळे आमच्या भागात ज्याला त्याला फिरकी टाकायची हौस. त्यात आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. वडीलधाऱ्यांच्या तोंडी हैदराबादच्या गुलाम अहमद यांचे नाव. त्यांनी भारतासाठी २२ कसोट्यांत ६८ बळी घेतले आणि भारताचे नेतृत्वही केले. आमच्या दृष्टीने गोलंदाज म्हणजे गुलाम अहमद. त्यांच्याही आधी, कसोटी क्रिकेट भारतात पोहोचले नव्हते त्या काळी, एक डावखुरा फिरकी गोलंदाज होऊन गेला आणि त्याचा जन्म आज आपण ज्या राज्यात आहोत त्याच कर्नाटकातील धारवाडचा, हे आम्हांला गुरुजींनी सांगेपर्यंत माहीत नव्हते.

पाळवणकर बाळू यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. कुटुंब मूळचे कोकणातले, आडनाव पाळवण गावावरून आलेले, जात चांभार. वडील लष्कराशी संबंधित नोकरीमुळे पुण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंनी बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हे खेळू लागले. पुढे गणपत आणि विठ्ठल हेही मैदानात आले. चारही भाऊ वरच्या दर्जाचे खेळाडू निघाले, असे घर आपल्या क्रिकेटच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना गोलंदाजी करावी लागे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे महिना चार रुपये मिळू लागले. काम तेच : रूळ ओढणे, जाळी बांधणे, रेषा आखणे. तेथील एका इंग्रज सभासदाने त्यांना गोलंदाजीस प्रोत्साहन दिले आणि मग कॅप्टन जे. जी. ग्रेग या उत्तम फलंदाजाची दृष्टी त्यांच्यावर गेली. हे ग्रेग इंग्लंडात हॅम्पशायर परगण्याकडून खेळत. (आयुष्याच्या उत्तरार्धात ते धर्मगुरू झाले, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.) इतर सभासद येण्यापूर्वी तासभर आधी ते मैदानावर हजर होत आणि बाळूंना आपल्यासमोर गोलंदाजी करायला लावत. बाळूंनी त्यांना बाद केले की ग्रेग प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी मानली तर महिन्यात आठ वेळा ग्रेगसाहेबांचा बळी मिळवला की महिन्याचा पगार वसूल!

मित्रांनो, यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तासन् तास, महिनोन् महिने बाळू त्या जाळीत गोलंदाजी करीत राहिले. पण त्या जाळीत बॅट त्यांच्या हाती कधीही दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबाचा छंद, गोलंदाजी ही गड्याची चाकरी. हा भेद केवळ हिंदुस्थानातला नव्हता. खुद्द इंग्लंडात हौशी खेळाडू ते 'जंटलमेन' आणि पैसे घेऊन खेळणारे ते 'प्लेयर्स' अशी विभागणी होती; दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारेही अनेक ठिकाणी वेगळी. ही विभागणी १९६२ च्या अखेरीस रद्द झाली. म्हणजे मी ही गोष्ट गुरुजींकडून ऐकली त्याच वर्षी! इंग्लंडमधील त्या भिंतीला वर्गाचा चुना होता. आपल्याकडच्या भिंतीला जातीचा. बाळूंना दोन्ही भिंती एकाच वेळी ओलांडायच्या होत्या.

आता त्यांच्या कलेविषयी. डावखुरा मंदगती गोलंदाज उजव्या हाताच्या फलंदाजाला चेंडू टाकतो, तेव्हा तो मधल्या यष्टीच्या आसपास टप्पा घेऊन बाहेरच्या बाजूस वळतो. तर्जनी चेंडूच्या शिवणीवर टेकवून ती ओढायची, मनगटाने साथ द्यायची, एवढेच तंत्र. पुस्तकात ते चार ओळींत संपते. खरे काम पुढचे. चेंडूला उंची किती द्यायची, तो हवेत किती वेळ तरंगू द्यायचा, वेग कोणत्या चेंडूला कमी करायचा आणि तीनचार चेंडू बाहेर वळवल्यानंतर एक सरळ आत कधी घुसवायचा. बाळूंजवळ वेगाचे आणि उंचीचे पुष्कळ प्रकार होते, चेंडू दोन्हीकडे वळवण्याची हातोटी होती. इंग्रज जाणकारांनी त्यांची तुलना यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली. माझा आपला एक अंदाज आहे. जो माणूस वर्षानुवर्षे खेळपट्टीवर पाणी शिंपतो, रूळ ओढतो, त्याला ती माती कोठे घट्ट बसली आहे आणि कोठे ओल धरून आहे, हे तळपायालाच कळत असणार. आपल्या शेतकऱ्याला वाफसा आला की नाही हे ढेकळावर पाय ठेवताच कळते, तसे.

पुण्यातील हिंदूंचा क्लब युरोपियनांना आव्हान देण्याच्या तयारीत होता. युरोपियनांच्याच मैदानावर तयार झालेला हा गोलंदाज आपल्याकडे घ्यावा की नाही, यावरून त्या क्लबात तट पडले. काही तेलुगू भाषिक सभासद घ्यावा म्हणत होते. सनातनी मंडळींचा विरोध होता. हिंदूंनी बाळूला घेतले नाही तर तो त्यांचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे व्यक्त केले. अखेर बाळू संघात आले. आणि येथे आपल्या समाजाने एक विलक्षण तोड काढली. मैदानात सर्वांनी एकच चेंडू हाताळायचा. बाळूंच्या बोटांतून सुटलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षकाने झेलायचा, झेलल्यावर आनंदाने ओरडायचे. परंतु चहाची वेळ झाली की बाकीचे मंडपात जात आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. हातपाय धुवायचे तर पाणी अस्पृश्य नोकराने आणून द्यायचे. जेवणाचे ताटही वेगळे.

चेंडू बाटत नाही आणि पेला बाटतो, हे शास्त्र कोणत्या ग्रंथात आहे, असा प्रश्न गुरुजींनी तेव्हा वर्गाला केला होता. आम्ही कोणी उत्तर दिले नाही.

साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धचा सामना त्या काळी गाजला. बाळूंच्या फिरकीला दाद मिळू नये म्हणून यजमानांनी कित्येक दिवस खेळपट्टीवर रूळ फिरवून ती कठीण करून ठेवली होती. बाळूंनी सात गडी बाद केले. परतल्यावर पुण्यात झालेल्या समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी आपल्या लोकांना स्पष्ट सुनावले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून खाण्यापिण्यास हरकत कसली? लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा गौरव केला. रानडे आणि टिळक एका बाजूस आले असे प्रसंग पुण्यात फारसे नव्हते. ते काम एका फिरकी गोलंदाजाने केले!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या धामधुमीच्या सुमारास, पाळवणकर कुटुंब मुंबईस गेले. बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही आधी कुरकुर झाली, मग बळींची संख्या पाहून ती थांबली. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंचा युरोपियनांशी सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंच्या गोलंदाजीचा या विजयात मोठा वाटा होता. शिवरामही त्या संघात होते. पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा २३८ धावांनी जिंकले. वंगभंगाची चळवळ पेटलेली, स्वदेशीची हवा. अशा वेळी राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात पराभव झाला आणि तो करणाऱ्यांत दोन चांभार बंधू होते, या गोष्टीचा अर्थ त्या काळच्या सुधारकी वृत्तपत्रांनी बरोबर ओळखला आणि त्यावर लिहिले.

१९११ साली हिंदी संघ प्रथमच सर्व जातिधर्मांच्या खेळाडूंसह इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. ते थोडेच सामने खेळले आणि दरबारी मेजवान्यांत रमले. जाताना एक चांगला पारशी फलंदाजही चिटणीस म्हणून सोबत घेऊन गेले. संघाने २३ सामन्यांपैकी १५ गमावले. पण या पडझडीत पस्तिशी गाठलेले बाळू दिवसामागून दिवस गोलंदाजी करीत राहिले. खांदा दुखावला होता, तरीही. एकूण ११४ बळी, सरासरी १८.८४. त्यांतील ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात १०३ धावांत आठ. लीस्टरशायरविरुद्ध दोन डावांत मिळून अकरा, आणि तो सामना हिंदी संघाने जिंकला. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक काढले आणि संघाने एका गड्याने विजय मिळवला. इंग्लंडच्या परगण्यांवरील हे दोन विजय पाळवणकर बंधूंच्या जिवावर मिळाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्या दौऱ्यात इंग्लिश परगण्यांनी त्यांना आपल्याकडे खेळण्यासाठी विचारल्याचेही सांगतात. ते परत आले.

मुंबईस आल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक विशीतला विद्यार्थी होता, असे बाळूंच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. अस्पृश्य घरातला एक माणूस साऱ्या देशाच्या वृत्तपत्रांत गाजतो आहे, हे त्या तरुणाने पाहिले होते. पुढे दोघांचे काय झाले, ते सांगतोच.

बाळूंची प्रथम श्रेणीची कारकीर्द आकड्यांत सांगायची तर ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. क्रिकेट समजणाऱ्या मुलांनी ही सरासरी आपल्या आवडत्या गोलंदाजाच्या सरासरीशेजारी मांडून पाहावी. पण या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीही मिळाले नाही. १९१० नंतर दरवर्षी निवडीच्या वेळी त्यांच्या नावाची चर्चा होई आणि दरवर्षी ते डावलले जाई. एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा १९१३ च्या सुमारास स्वतःच्याच सत्कारात ते म्हणाले, हा मान माझ्याआधी बाळूंना मिळावयास हवा होता, ते ज्येष्ठ आहेत. पै स्वतः सारस्वत ब्राह्मण. त्यांच्या या प्रांजळपणाची नोंद आपण घेतली पाहिजे. पण सत्काराच्या सभेत बोलणे वेगळे आणि निवड समितीच्या खोलीत उठून बोलणे वेगळे.

१९२० साली, पुण्यात स्पर्धा होती तेव्हा, बाळूंना संघातूनच वगळले गेले आणि पै आजारी म्हणून नेतृत्व शिवराम-विठ्ठलांहून कनिष्ठ असलेल्या खेळाडूकडे देण्याचे ठरले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली : केवळ जातीमुळे हा अन्याय होतो आहे. महात्मा गांधींनी अस्पृश्यता निवारणाचा प्रश्न देशापुढे ठेवलेला. त्यामुळे वृत्तपत्रांत मोठा गदारोळ झाला. अखेर तडजोड झाली. पुढच्या सामन्यासाठी बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले, आणि त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ नेतृत्व बाळूंकडे यावे. चव्वेचाळीस वर्षे वयाच्या, दोन तपे हिंदूंना सामने जिंकून देणाऱ्या गोलंदाजाला मिळालेले नेतृत्व एवढेच.

१९२३ मध्ये धाकटे विठ्ठल मात्र रीतसर कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. विठ्ठलांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्याची एक प्रत गुरुजींच्या कपाटात होती, खाकी कागदाचे वेष्टन घातलेली.

आता बाळू आणि डॉ. आंबेडकर. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूस, गांधीजींच्या जवळ होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार उभा केला तो बाळूंना. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्याच्या मानपत्राची तरुणपणी सिद्धता केली, त्याच्याशी ही लढत. मला स्वतःला काँग्रेसची ती चाल आवडत नाही. अर्धे आयुष्य ज्याला हिंदूंनी मंडपाबाहेर चहा पाजला, त्यालाच मंडपातल्या लोकांच्या वतीने उभे करायचे, यात एक क्रूर विनोद आहे. परंतु बाळूंना दोष देताना माझी जीभ अडते. रानड्यांचे शब्द, पैंचा प्रांजळपणा, ग्रेगचे आठ आणे या सर्वांतून त्यांचा असा विश्वास झाला असावा की, खेळ नीट खेळत राहिले तर समोरचा हळूहळू बदलतो. बाबासाहेबांचा त्यावर विश्वास नव्हता. आणि त्यांनी पाहिलेले जग त्यांना खोटे ठरवणारे नव्हते. ४ जुलै १९५५ रोजी बाळू मुंबईत निवर्तले.

आपल्या भागात हा विषय बोलताना एका नावाला वगळता येत नाही. येथून जवळच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तेथे बसवण्णांच्या शरणांमध्ये हरळय्या नावाचे चर्मकार होते. त्यांच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झाला, म्हणून बिज्जल राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला आणि कल्याणात आग पेटली, ही कथा आपल्याकडे कानडी आणि मराठी घरांत सारखीच सांगतात. आपण तिच्या पुण्यतिथ्या करतो, मिरवणुका काढतो. आणि तरीही १९६२ साली, त्या कल्याणापासून एका तासाच्या वाटेवर, जे घडले ते घडले. ते सांगितल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही.

मी तेव्हा या शाळेच्या संघाचा कर्णधार होतो. खेळामुळे नव्हे, वडिलांचे अडत दुकान होते आणि बॅट, चेंडू, चटई आमच्या घरची होती. आमच्या वर्गात गावाबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा होता. त्याचे नाव मी येथे घेत नाही. डावखुरा. त्याच्यासारखा चेंडू फिरवणारा मी नंतर कोठे पाहिला नाही, आणि हे मी गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, कॉलेजच्या संघात चार वर्षे खेळल्यानंतर म्हणतो. त्या काळी बिदर जिल्ह्याचे तुकडे होऊन सहा वर्षे झाली होती. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६ साली पलीकडे गेले होते, भालकी, औराद, हुमनाबाद अलीकडे राहिले. पण खेळणाऱ्या मुलांना सरहद्द कळत नसे. विकाराबाद-परळी मार्गावरच्या गाडीत बसायचे आणि जेथे चटई अंथरलेली दिसेल तेथे उतरायचे. अशाच एका तालुक्याच्या गावी त्या मुलाने सात गडी बाद केले आणि आम्ही सामना जिंकलो.

संध्याकाळी आम्ही सारे एका हॉटेलात चहाला गेलो. आम्ही बाकड्यावर बसलो. तो बाहेर थांबला. हॉटेलवाल्याने वळचणीला खोचून ठेवलेल्या कानतुटक्या कपाकडे बोट दाखवले. त्याने तो काढला, विसळला, वरून ओतलेला चहा घेतला, पुन्हा विसळला आणि जेथे होता तेथे ठेवून दिला. जिंकलेला चेंडू माझ्या खिशात होता. मी चहा पीत होतो. गुरुजीही आत होते, आणि तेही चहा पीत होते.

हा शनिवारचा प्रसंग. सोमवारी भूगोलाच्या तासाला त्यांनी बाळूंची गोष्ट सांगितली. तो मुलगा शेवटच्या बाकावर बसला होता. त्याने पूर्ण वेळ मान वर केली नाही. पुष्कळ वर्षांनी, गुरुजी निवृत्त झाल्यावर, मी त्या तासाची आठवण काढली आणि आम्हांला केवढे मोठे शिकवलेत, असे काहीसे बोललो. तेव्हा ते म्हणाले, "अरे, वर्गात गोष्ट सांगणं सोपं होतं. कप घेऊन बाहेर त्याच्यापाशी जाऊन उभं राहायला दहा पावलं होती. ती मी चाललो नाही." पुढे या शाळेत पाण्याचा माठ एकच झाला, सहलीला पंगत एकच बसू लागली, आणि त्यासाठी गुरुजी कोणाकोणाशी भांडले, हे समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे. त्या भांडणांचे मूळ त्या दहा पावलांत होते, असे मला वाटते. गुरुजींच्या स्मृतिदिनी हे सांगणे कोणास अनुचित वाटल्यास क्षमा असावी. ते स्वतः हे लपवीत नसत.

तो मुलगा मॅट्रिकनंतर हैदराबादेस गेला, सरकारी नोकरीत लागला, मुले शिकवली. काही वर्षांपूर्वी मी त्याला शोधत त्याच्या घरी गेलो. मनात ठरवून गेलो होतो की त्या कपाविषयी बोलायचे. बोललोही. त्याने ऐकून घेतले. आतून चहा आला, आम्ही दोघांनी घेतला. मग तो म्हणाला, "च्याचं जाऊ दे की रे. तसलं रोजचंच होतं, कुठं कुठं धरून बसू? पण तू मला तीन साल अकराव्या नंबरला पाठवलास. मी चांगला खेळत होतो की बॅटिंग. तुला कधी बघायचंच नव्हतं."

मला उत्तर सुचले नाही. खरोखरच मी त्याला सरावातही कधी बॅट दिली नव्हती. त्याने दोन तास गोलंदाजी करायची आणि आम्ही अडत्या-पाटलांच्या मुलांनी आळीपाळीने फलंदाजी करायची. ते मला इतके साहजिक वाटत होते की बाळूंची गोष्ट दोन वेळा वाचून, चार ठिकाणी सांगूनही ग्रेगच्या जाळीशी त्याचा संबंध माझ्या ध्यानात आला नव्हता. निघताना त्याने विचारले, शाळेत आता चटई आहे की सिमेंटचे पिच? मी म्हटले, सिमेंटचे. तो हसला. म्हणाला, "मग फिरकीचं काय खरं नाही तुमच्यात."

मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी शाळेसाठी काथ्याची एक नवी चटई आणली आहे. ती बाहेर व्हरांड्यात ठेवली आहे. सोबत दोन बॅटी आहेत. बाळूंविषयीची काही पुस्तके ग्रंथालयाकडे दिली आहेत. माझे वय आज ऐंशीच्या घरात आहे, त्यामुळे बोलण्यात पाल्हाळ झाला असेल.